न धुतलेला अंगरखा

पहिला खर्डा

अंगरखा. पांढरी मलमल. चित्रपट ‘गलबताचा धनी’ (अपूर्ण), १९६८. नायक : परशुराम नाखवा. डाव्या खांद्याखाली रक्ताचा डाग आहे, तो मुद्दाम ठेवला आहे. कृपया धुऊ नये.

शेवटचं वाक्य लिहून झालं आणि महिपतला आपलंच हसू आलं. काचेच्या पेटीतला कपडा कोण कशाला धुवायला जातंय? पण पंचवीस वर्षांची सवय. डोक्याने विचार करायच्या आत हाताने लिहून टाकलं होतं.

कल्याणच्या बाजारात भांड्यांच्या दुकानाशेजारी, जिन्याखालच्या खोपटीत महिपतचं शिलाई मशीन होतं. पँट आखूड करा, चेन बदला, ब्लाउजची कड उसवा, असली कामं. पण कोणी धंदा विचारला तर तो अजून ‘कपडेपटवाला’ असंच सांगायचा. म्हणजे सिनेमातल्या नटांना कपडे चढवणारा, उतरवणारा आणि मधल्या वेळात डोळ्यांत तेल घालून ते जपणारा माणूस.

या कपडेपटाचा एक कायदा असतो. सीन अर्धा राहिला तर कपडा धुवायचा नाही. आज बाही दोन घड्या वर असेल तर तीन महिन्यांनी उरलेला अर्धा सीन घेताना ती दोनच घड्या वर पाहिजे. चिखल असेल तर तेवढाच चिखल, घाम असेल तर तेवढाच घाम. याला म्हणायचं कंटिन्युटी. महिपतच्या उस्तादाने त्याला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “सीन पुरा होईस्तोवर कपड्याला पाणी लागलं तर तू मेलास असं समज.”

‘गलबताचा धनी’चा सीन एक्केचाळीस अर्धा राहिला तो राहिलाच. म्हणून अंगरखाही न धुतलेला राहिला.

.

भिवाजी नाखवा कार्डांचा गठ्ठा घेऊन आला तेव्हा जानेवारी चौऱ्याण्णव उजाडला होता. हा परशुरामचा पुतण्या. ठाण्यातल्या खोपटच्या एसटी डेपोत वाहतूक नियंत्रक आणि चेंदणी कोळीवाड्यातल्या मंडळाचा सेक्रेटरी. काकाच्या मृत्यूला दहा वर्षं होतील म्हणून ठाण्यात एका शाळेच्या सभागृहात तीन दिवसांचं प्रदर्शन भरवायचं त्याने मनावर घेतलं होतं. पोशाख, फोटो, करारपत्रं, पत्रं.

“महिपतकाका, चाळीस कार्डं आहेत. सुवाच्य लिहा. आमच्या डेपोतल्या पाट्या बघता ना, तसं नको.”

“पोशाखांत हवालदार किती आहेत रे?”

“सतरा सदरे. एकाला पट्टा पण आहे.”

“आणि बाकी?”

“दोन तलाठी, एक भटजी, एक दारुडा. काकाच्या वाट्याला दुसरं काय आलं?”

“आलं होतं,” महिपत म्हणाला.

“म्हणून तर सगळी भिस्त तुमच्या त्या अंगरख्याच्या पेटीवर! ती नसली तर लोक म्हणतील, पोलीस लायनीतली धोब्याची दोरी बघून आलो.”

दोघंही हसले. भिवाजी जरा जास्त हसला. मग आवाज उतरवून म्हणाला, “काकू रोज विचारते. काकाच्या वहीचं.”

“तिथंच आहे वही. पेटीतच.”

“तिला एकटीला आधी दाखवा म्हणते. लोकांच्या आधी.”

“दाखवू ना. तिच्यासाठीच आहे ती.”

.

सीन ४१. रेवदंड्याचा किनारा. दिवस चौदावा.

परशुराम नाखवा तेव्हा चाळिशीचा होता. चेंदणी कोळीवाड्यातला, खाडीत होडी मारलेला, पण सिनेमात मात्र जन्मभर दंडुका घेऊन दारात उभा राहणारा. जुन्या आरमारातल्या सरदाराच्या भूमिकेला निर्मात्याने त्याला उचललं, कारण बाकीच्या नटांना होडीत उभं राहता येत नव्हतं. महिपतलाही त्याच पिक्चरमध्ये पहिल्यांदा स्वतंत्र कपडेपट मिळाला होता. अंगरखा त्याने स्वतः बेतला, स्वतः शिवला. मापं घेताना परशुराम म्हणाला होता, “हवालदाराचा सदरा घालून घालून खांदे पडलेत माझे. जरा उचलून शिव.”

त्या दिवशी धनी जखमी होऊन पडतो आणि पुन्हा उठतो असा सीन होता. मेकअपवाल्याकडचं रक्त संपलेलं. महिपतने खानसाम्याच्या चुलीवर गुळाचा पाक केला, त्यात कुंकू आणि चिमूटभर काजळ कालवलं. असला रंग उतरला की कॅमेरामनने मान डोलावली. परशुरामने बोट लावून चाखलं.

“अरं महिपत, मना मुंग्या खातीन रं!” तो आपल्या कोळीवाड्याच्या बोलीत ओरडला आणि सगळं युनिट हसलं.

‘पडतो’ घेऊन झालं. ‘उठतो’ उद्यावर गेलं. त्याच संध्याकाळी निर्माता धर्मशाळेच्या पायरीवर बसल्या बसल्या छातीला हात लावून गेला.

दुसऱ्या दिवशी गाड्या परत निघायच्या आधी परशुरामने महिपतला एक वही दिली. त्यात त्याचे संवाद होते. शेवटची चार पानं वेगळी होती.

“ही चार पानं शिवून टाक.”

“शिवून?”

“वाचता येणार नाहीत अशी. तुझ्या वहिनीसाठी, कलावतीसाठी लिहिलंय. तोंडाने सांगता येत नाही मला. तिला म्हटलंय, पिक्चर लागलं की वाच.”

काय लिहिलंय ते महिपतने विचारलं नाही. पण विषय कोणता हे त्याला ठाऊक होतं, चेंदणीतल्या सगळ्यांनाच ठाऊक होतं. आदल्या वर्षी परशुरामची दोन वर्षांची मुलगी तापाने गेली. परशुराम कुठल्याशा शूटिंगला गेलेला. घरी आला तो तिसऱ्या दिवशी. का उशीर झाला, निरोप मिळाला नव्हता की मिळूनही तो आला नव्हता, हे त्याने कोणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. कलावती एकदाच विचारून गप्प झाली होती. नवराबायको एका ताटात जेवत, पण ते एक न सांगितलेलं वाक्य दोघांच्या मध्ये भिंतीसारखं उभं होतं.

महिपतने ती चार पानं कडेने बारीक टाक्यांनी शिवली. अंगरखा, वही, कंटिन्युटीचे कागद, किनाऱ्यावरचे सहा फोटो, सगळं एका पत्र्याच्या पेटीत घातलं. पिक्चर पुन्हा उभं राहील तेव्हा सगळं एका जागी सापडायला हवं. हाही कपडेपटाचाच कायदा : कपडा आणि त्याचा कागद एकमेकांना सोडत नाहीत.

.

दुसरा खर्डा

अंगरखा. हा पोशाख १९६८ पासून एकदाही उघडला

(हे कार्ड इथेच सोडलं.)

.

एकदा उघडायची वेळ आली होती. शहाऐंशी साली. परशुरामला जाऊन दोन वर्षं झालेली. पुण्याहून जुन्या सिनेमाचे कागद गोळा करणारे एक गृहस्थ डोंबिवलीला कलावतीकडे आले होते. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत महिपतलाही बोलावलं होतं.

गृहस्थ म्हणाले, “कागद आम्ही नेऊ. थंड खोलीत राहतील, कीड लागणार नाही. कपड्यांची सोय मात्र अजून नाही आमच्याकडे.”

कलावती महिपतकडे बघत होती. तिची मान होकारार्थी हलायच्या बेतात होती.

“नाही,” महिपत म्हणाला. “कागद वेगळे करायचे नाहीत. न्यायचं तर सगळं न्या.”

“अहो, पण कागद नाजूक...”

“परशुरामदादांनी माझ्या ताब्यात दिलंय. मी अठरा वर्षं सांभाळलंय.”

गृहस्थ चहा पिऊन गेले. कलावती कपबश्या उचलता उचलता एवढंच म्हणाली, “बघून तरी घ्या महिपतभाऊ, एकदा उघडून.”

“वहिनी, पिक्चर पुरं झाल्याशिवाय ती पेटी उघडायची नाही. आणि पुरं होणार नसेल तर लोकांसमोर उघडू. मानाने उघडू.”

तिने पुन्हा विषय काढला नाही. तिची रीत वेगळी होती. नवऱ्याचे सतरा हवालदार ती दर वर्षी दिवाळीच्या आधी रिठ्याच्या पाण्यात धुवायची, गच्चीवर उन्हात वाळवायची, घडीत कडुलिंबाचा पाला आणि डांबरगोळ्या घालून ठेवायची. महिपत मनातून हसायचा. साध्या मासळीवालीला काय कळणार कपडेपट!

आणि तो? तो दर दसऱ्याला मशीन, कात्री, गजाची पट्टी मांडून पूजा करायचा, तेव्हा माळ्यावरून पेटीही खाली काढायचा. तिच्या झाकणावर हळदकुंकू, झेंडूचं फूल, चिमूटभर तांदूळ. नमस्कार करून पुन्हा माळ्यावर. पंचवीस दसरे झाले. झाकण एकदाही उचललं नाही.

.

प्रदर्शनाला तीन दिवस असताना महिपतने सकाळी आंघोळ केली, धुतलेलं पांढरं कापड जमिनीवर अंथरलं आणि पेटी उघडली.

आधी वास आला. कुजकट, तेलकट. मग काहीतरी काळं सळसळलं आणि झुरळं चहूकडे पळाली, मशीनखाली, दाराखाली, त्याच्या पायावरून. झाकणाच्या बिजागरीपाशी गंजून फट पडली होती. एवढीशी. आतल्या बाजूला मुंग्यांची वाळलेली ओळ होती, काळ्या धाग्याने टाका घालावा तशी सरळ, फटीपासून अंगरख्याच्या डाव्या खांद्यापर्यंत.

डाग नव्हता. डाग होता तिथे भोक होतं.

बारीकसारीक नाही, हात घुसेल एवढं. कडा बरोब्बर डागाच्या होत्या, वर गोल, खाली ओघळ निघालेला. आधी मुंग्यांनी गूळ नेला, मग झुरळं आली, गुळाने माखलेली मलमल कुरतडली, आणि तिथवर आल्यावर खाली ठेवलेले कागद त्यांना आयतेच सापडले. उरलेलं कसरीने केलं. फोटो एकमेकांना चिकटून विटेसारखे झाले होते. महिपतने वही उचलली तर तिचा भुसा मांडीवर सांडला.

कंटिन्युटीच्या कागदातलं जे वाचता आलं ते एवढं :

सीन ४१. अंगरखा. बंद डावी  
गाठ. बाही उजवी  
डाग : डावा खांदा, चार बोटं खा  
धुवायचा ना

शिवलेल्या चार पानांपैकी तीन गेली होती. टाके होते. पानं नाहीशी होऊन नुसती दोऱ्याची शिवण उरली होती, आणि तिला पहिल्या पानाचा अर्धामुर्धा तुकडा लोंबत होता. महिपतने तो वाचला नाही. खाकी पाकिटात घातला. मग कितीतरी वेळ तो त्या पांढऱ्या कापडावर मांडी घालून बसून राहिला. बाहेर एका बाईने दोनदा हाक मारली, “शिंपीकाका, ब्लाउज झाला का?” 

गूळ त्याने घातला होता. कागद त्याने अडवले होते. फूल वाहिलं होतं तेही त्यानेच.

.

“बाप रे,” भिवाजी म्हणाला. टेम्पो बाहेर उभा होता. त्याने अंगरखा दोन बोटांनी उचलला आणि भोकातून पलीकडची भिंत बघितली. “हे काचेत? लोक हसतील, काका.”

“हसू देत.”

“अहो, तुमचं ठीक आहे. काकाला हसतील. आधीच आयुष्यभर...” त्याने वाक्य गिळलं. “याचा डबल नव्हता का शिवलेला? तुम्हीच सांगायचात ना, हिरोच्या कपड्याचा डबल असतो म्हणून?”

होता. समुद्रात उडी मारणाऱ्या माणसासाठी महिपतने त्याच ताग्यातून दुसरा अंगरखा शिवला होता. त्या सीनपर्यंत पिक्चर पोचलंच नाही. डबल कोणाच्याच अंगाला लागला नव्हता. मशीनच्या खणात, वर्तमानपत्रात गुंडाळलेला, जरा पिवळा पडलेला, पण धडधाकट.

“बस! हाच लावू. डाग तेवढा पाडा. कोणाला कळणार आहे?”

 भिवाजी हवालदारांची कार्डं घेऊन गेला. मग महिपतने डबल टेबलावर पसरला. त्यावर खाल्लेला अंगरखा ठेवला, खांद्याला खांदा, बंदाला बंद जुळवून. शिंप्याचा खडू घेतला आणि भोकाच्या कडेने फिरवला. वरचा कपडा उचलला. खाली पांढऱ्यावर निळ्या रेघेत डाग उभा होता, ओघळासकट, जिथल्या तिथे. कंटिन्युटी बिनचूक.

या वेळी त्याने गूळ वापरला नाही. रंगाच्या दुकानातून लाल तेलरंग आणला.

.

तिसरा खर्डा

अंगरखा. चित्रपट ‘गलबताचा धनी’. परशुराम नाखवा यांनी वापरलेला.

.

शाळेच्या सभागृहात फीत कापून झाली, भाषणं झाली. हवालदार भिंतीला ओळीने लागले होते, परीटघडीचे, बटणं चकाकत. मधोमध काचेच्या पेटीत अंगरखा. कोळीवाड्यातल्या बायका पेटीपाशी थांबत होत्या. एक म्हातारी काचेला हात लावून म्हणाली, “आपला परशा राजा व्हता गं!” भिवाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. महिपत खांबाला टेकून उभा होता. हेच तर हवं होतं. पंचवीस वर्षं याच वाक्यासाठी तो थांबला होता.

गर्दी जरा सरल्यावर कलावती आली. डोळ्यांत मोतीबिंदू होता, चालताना ती भिंतीला बोटं लावत होती. तिने आधी हवालदार बघितले. एकाची कॉलर मुडपली होती ती सरळ केली. मग काचेपाशी आली, कपाळ टेकून बराच वेळ आत बघत राहिली.

“हाच का तो, महिपतभाऊ?”

हो म्हणायला काही लागत नव्हतं. मान हलवली असती तरी पुरलं असतं.

“नाही वहिनी. हा डबल आहे. हा दादांनी घातलाच नाही कधी. डाग परवा पाडलाय, मी.”

ती वळली नाही. “आणि तो?”

“झुरळांनी खाल्ला. गुळाचा डाग होता. मीच लावला होता. धुतला असता तर राहिला असता.”

“वही?”

महिपतने पाकीट काढलं. “एवढंच राहिलंय. तुम्ही तेव्हा पुण्याला देत होतात. मी दिलं नाही.”

ती बाकावर बसली. हवालदारांच्या ओळीखाली. पदराने चष्मा पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

“मला दिसत नाही. वाचा.”

“इथं?”

“इथंच.”

तुकडा तळहाताएवढा होता. अक्षर परशुरामचं, तिरकं, घाईचं. महिपतने खिडकीच्या उजेडाला धरला. त्याला वाचायच्या आधीच दिसलं की वाक्याच्या ऐन मध्यावर काही नाही. आणि काय घालता येईल हेही दिसलं. जन्मभर त्याने हेच केलं होतं : मधलं निसटलेलं जुळवून घेणं, पडतो आणि उठतो यांच्यामधला सांधा कोणाला दिसू न देणं. तार मिळालीच नाही, एवढंच म्हणायचं. बाईचा जन्म सुटेल. कोण येणार आहे पडताळायला?

“कला,” तो वाचू लागला, “त्या दिवशी तार मला...” तो थांबला. 

कलावतीने त्याच्या मनगटावर हात ठेवला. मासळीच्या टोपल्या उचललेला, म्हातारा, जड हात.

“जेवढं आहे तेवढंच वाचा, महिपतभाऊ.”

मग त्याने तेवढंच वाचलं.

कला,  
त्या दिवशी तार मला  
… आणि मी कपडे बदलले पण  
… गेटपर्यंत गेलो  
… तिचं तोंड बघायला  
भ्या

“पुढे?”

“पुढे नाही.”

“गेटपर्यंत गेलो,” ती म्हणाली. “कुठल्या गेटपर्यंत? तिथल्या, शूटिंगच्या, की आपल्या गल्लीच्या?”

 ते तिने महिपतला विचारलं नव्हतं. समोरच्या भिंतीजवळून भिवाजी खुणावत होता, फोटोवाला आलाय, काकूला पेटीजवळ उभं करा.

कलावतीने तुकडा घेतला, घडी न घालता पोलक्यात ठेवला. उठताना म्हणाली, “तो कुठंय? खाल्लेला?”

“घरी आहे.”

“धुऊन टाका आता.”

.

शेवटचं कार्ड (संध्याकाळी बदललेलं. भिवाजी दोन दिवस बोलला नाही.)

अंगरखा, डबल. ‘गलबताचा धनी’. हा कोणी घातलेला नाही.

.

प्रदर्शन संपलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी आल्यावर महिपतने बादली भरली. रिठे भिजत घातले होते. अंगरखा त्याने अलगद पाण्यात सोडला, लहान मुलाला सोडावं तसा. पाणी आधी पिवळं झालं, मग तपकिरी. त्यात रेवदंड्याची वाळू होती. ती तळाशी बसली. एका माणसाचा चौदा दिवसांचा घाम होता.

पिळायला गेला तर मलमल बोटांतून सुटत गेली, भिजलेल्या पापडासारखी. आधी पाठ गेली, मग बाह्या. त्याने घाई केली नाही. जे हाताला लागलं ते काढलं. गळपट्टी, दोन बंद, आणि उजव्या खांद्याची शिवण. तिथे दुहेरी अस्तर घातलेलं होतं, खांदा उचलून दिसावा म्हणून.

शेजारची शालन कपडे वाळत घालायला बाहेर आली. “काका, हे काय धुतलंत?”

“जुनं आहे.”

“मग चिमटे लावा. वाऱ्याने जाईल.”

तिने आपले दोन चिमटे दिले. त्याने लावले. मग आत येऊन भुशातून वाचलेला तो कंटिन्युटीचा कागद काढला, आणि जिथे कागद संपत होता त्याच्या वर, मोकळ्या कोपऱ्यात, पेन्सिलीने लिहिलं :

सीन ४१. उठतो, राहिलं. कपडा धुतला.